बस्ता नागपूरला, उधारी गावात

वर्धा जिल्ह्यात लग्न जमले की तारखेपाठोपाठ विषय निघतो तो बस्त्याचा. दोन्हीकडची वडीलधारी माणसे बसतात, मानपानाच्या साड्या मोजल्या जातात, टोप्या-टॉवेलांचा हिशेब होतो आणि बस्ता कुठे फाडायचा हे ठरते. सेलू, सिंदी, केळझरकडची मंडळी नागपूरच्या गांधीबागेचे नाव घेतात. आर्वी-आष्टीकडच्यांना अमरावती सोयीची, कारण तिथे बिझीलँड, सिटीलँडसारख्या कापडाच्या ठोक बाजारपेठा उभ्या आहेत. एखादी जीप ठरते, सकाळी निघून रात्री परतणे होते आणि घरात दोन-चार वर्षांत कापडावर होणार नाही एवढा खर्च त्या एका दिवसात जिल्ह्याबाहेर होतो.

परतल्यावर काही ना काही राहिलेले असतेच. परकर, अस्तर, फॉल, ब्लाउजपीस, ऐनवेळी वाढलेल्या पाहुण्यांसाठी दोन साड्या. या वस्तू गावातल्या कापड दुकानातून येतात आणि बहुधा "लिहून ठेवा भाऊ, लग्न आटोपलं की देतो" या बोलीवर येतात. दुकानदार लिहून ठेवतो. लग्नपत्रिका त्यालाही आलेली असते.

लहान गावातल्या दुकानाचे दुखणे समजून घ्यायचे तर या दोन खरेद्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. रोखीचा, निवडीचा आणि नफ्याचा व्यवहार मोठ्या शहरात होतो. तातडीचा, किरकोळ आणि उधारीचा व्यवहार गावात राहतो. म्हणूनच वरवर पाहणाऱ्याला या दुखण्याचा पत्ता लागत नाही. आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या बाजारात संध्याकाळी गर्दी असते, दुकानांत माणसे उभी असतात. गिऱ्हाईक गेलेले नाही. ज्या खरेदीच्या जोरावर दुकान वर्षभर तगते, तेवढी खरेदी मात्र गेली आहे.

हे ओढले जाणे बरेचसे नियमाने होते आणि तो नियम मांडायचा पहिला गाजलेला प्रयत्न १९३१ सालचा आहे. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात काम केलेल्या विल्यम रायली यांनी न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या धर्तीवर किरकोळ व्यापाराचा एक नियम सांगितला. दोन शहरांच्या मधल्या गावातले गिऱ्हाईक कुठे जाईल? ज्या शहराची लोकसंख्या मोठी, त्याची ओढ त्या प्रमाणात जास्त. आणि अंतर वाढेल तशी ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी. पुढे याच सूत्रावरून दोन शहरांच्या बाजारांमधली सीमारेषा काढण्याची रीत रूढ झाली.

हे गणित वर्ध्याला लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या आसपास होती, वर्ध्याची एक लाख सहा हजारांच्या आसपास. दोघांमधले अंतर साधारण ७५ किलोमीटर. सूत्रात हे आकडे घातले तर सीमारेषा वर्ध्यापासून अवघ्या तेराव्या किलोमीटरवर येते. पिपरी मेघे, सिंदी मेघे, सावंगी मेघे, नालवाडी अशी वर्ध्याला चिकटलेली गावे धरून शहराची लोकसंख्या दुप्पट मानली, तरी ती रेषा सतराव्या किलोमीटरपलीकडे सरकत नाही. म्हणजे नागपूर रस्त्याने पवनार ओलांडले, धाम नदी मागे पडली, की थोड्याच अंतरावर वर्ध्याच्या बाजाराची हद्द संपते. वीसेक किलोमीटरवरचे सेलू हे वर्ध्याच्या शेजारचे तालुक्याचे गाव, पण गणिताने ते नागपूरचे गिऱ्हाईक ठरते.

हिंगणघाटची गोष्ट याहून ठळक आहे. लोकसंख्येने ते जवळजवळ वर्ध्याएवढेच. कलेक्टर कचेरी वर्ध्यात असल्यामुळे कागदपत्रांसाठी लोक तिकडे जातात, पण हिंगणघाट हैदराबाद-नागपूर महामार्गावर आहे आणि खरेदीला निघालेली गाडी सरळ नागपूरचा रस्ता धरते. आर्वीचे तोंड तर दोन दिशांना आहे. वर्धा ५५ किलोमीटर आणि नदीपलीकडे अमरावती साठेक किलोमीटर. अंतर जवळपास सारखे, पण अमरावतीची लोकसंख्या वर्ध्याच्या सहापट. जिल्हा सरकारने आखला आहे. बाजाराने स्वतःचे जिल्हे वेगळे आखून घेतले आहेत.

रायलींचे सूत्र अर्थातच ढोबळ आहे. कोणी मिठाच्या पुडीसाठी नागपूरला जात नाही. कोणती वस्तू घ्यायला माणूस किती लांब जाईल, याचा विचार जर्मन भूगोलतज्ज्ञ वॉल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये केला. प्रत्येक वस्तूला एक पल्ला असतो, तेवढ्या अंतरापर्यंतच लोक तिच्यासाठी जातात. आणि प्रत्येक दुकानाला एक किमान गिऱ्हाईकसंख्या लागते, तिच्याखाली ते चालत नाही. दुधाचा, भाजीचा, चहापत्तीचा पल्ला दोन गल्ल्यांचा असतो. शालू, सोन्याचा हार, फ्रीज, सोफा, चष्मा, लॅपटॉप यांचा पल्ला मोठा. लांबचा पल्ला असलेल्या वस्तूंवरच दुकानदाराला चार पैसे जास्त सुटतात, आणि नेमक्या त्याच वस्तूंसाठी लोक गाव सोडून जायला तयार असतात. सगळा पेच इथे आहे.

एखाद्या तालुक्याच्या गावातले साडीचे दुकान जवळून पाहिले तर तो पेच हाताला लागतो. समजा दुकानात हजार साड्या आहेत. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. त्यांतल्या निम्म्या रोजच्या वापराच्या, सिंथेटिक. उरलेल्या पाचशेंत पैठणी, सिल्क, काठपदर, डिझायनर असे पाच-सहा प्रकार. एका प्रकारात पाच-सहा किमतींचे टप्पे. म्हणजे एका किमतीच्या एका प्रकारात पंधरा-वीस नग, आणि त्यांतही रंग वेगवेगळे. नवरीला हिरव्या काठाचा मरून शालू हवा असेल, तर तिच्यासमोर टाकायला दुकानदाराकडे दोन नग असतात, फार तर तीन. गांधीबागेत तेवढ्याच किमतीत तीस टाकले जातात. गादीवर बसलेल्या आत्या, मावश्या, काकू पदर उलगडून पाहतात, उजेडात नेऊन पाहतात, नाकारतात. नाकारता येणे हा बस्त्याचा अर्धा आनंद असतो.

मग गावातला दुकानदार तीस शालू का ठेवत नाही? कारण त्याच्या गावात वर्षाला लग्ने किती होतात हे त्याला पक्के माहीत असते. तीस शालू आणले आणि सहा विकले, तर चोवीस शालूंत त्याचे भांडवल अडकून पडते. पुढच्या हंगामात फॅशन बदलते आणि तो माल पडेल भावाने काढावा लागतो. शहरातल्या दुकानात हाच माल महिन्या-दोन महिन्यांत फिरतो, तिथला दुकानदार नगामागे कमी नफा घेऊन वर्षाला कितीतरी अधिक कमावतो. कमी नफ्यामुळे भाव कमी, भाव कमी म्हणून गिऱ्हाईक अधिक, गिऱ्हाईक अधिक म्हणून माल अधिक. गावातल्या दुकानाचे हेच चक्र उलट फिरते. निवड कमी म्हणून गिऱ्हाईक बाहेर जाते, गिऱ्हाईक बाहेर जाते म्हणून माल कमी आणावा लागतो. यात कोणाचा आळस नाही आणि अक्कलही कमी पडलेली नाही. पहाटे उठून पाण्याचा शिंतोडा मारून शटर उघडणारा माणूस या चक्रात सापडतो, तेव्हा त्याला "काळाबरोबर बदला" असा उपदेश करणे सोपे असते आणि अन्यायाचेही.

रस्त्याने गावे बसवली आणि रस्त्यानेच ती रिकामी केली, हा वर्धा जिल्ह्याचा दीडशे वर्षांचा अनुभव आहे. वर्धा शहर मुळातच नवे. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा जिल्हा झाला आणि १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आखीव रस्त्यांचे वर्धा वसवले गेले. पुढच्याच वर्षी, १८६७ मध्ये, मुंबईहून येणारी रेल्वे पुलगाव, वर्धा, सिंदी करत नागपूरला पोहोचली. हिंगणघाटचा कापूस तेव्हा इंग्लंडच्या बाजारात गावाच्या नावाने ओळखला जात होता, तिथेही १८७० च्या दशकात रेल्वे गेली. पुलगाव ते आर्वी ३५ किलोमीटरची छोटी रेल्वे १९१७ पासून धावू लागली, लोक तिला शकुंतला म्हणत. या सगळ्या रुळांवरून कापूस बाहेर जात होता आणि कापसाचा पैसा गावात येत होता. पुलगावला कापडगिरणी उभी राहिली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, अडते आले, दलाल आले, त्यांच्या मागोमाग कापड, भांडी, सोने, किराणा यांची दुकाने आली. बैलगाडीने कापूस घेऊन आलेला शेतकरी चुकारा हातात पडल्यावर त्याच गावात खरेदी करी, कारण बैलगाडीला परत फिरायचे असे आणि नागपूर तिच्या पल्ल्याबाहेर होते.

म्हणजे आर्वी-हिंगणघाटच्या जुन्या दुकानांना संरक्षण होते ते अंतराचे. ते आता उरलेले नाही. शकुंतला कित्येक वर्षांपासून बंद आहे, पुलगावची गिरणी बंद पडली. नागपूरहून बुटीबोरी, वर्धा, देवळी, यवतमाळमार्गे तुळजापूरला जाणारा रस्ता चौपदरी झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. तो याच जिल्ह्यातल्या सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून जातो आणि येळाकेळी व विरूळ इथे त्यावर चढता येते. मोटारीला त्यावर ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. मोटार नसलेल्यांसाठीही प्रवास स्वस्त झाला. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट लागते. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली होती. खेड्यातल्या बाईला दवाखान्यात, माहेरी, कामाला जाता येणे ही मोठी गोष्ट आहे आणि ती व्हायलाच हवी होती. पण याच सवलतीने तिच्या खरेदीचा पल्लाही वाढवला, हे गावातल्या जनरल स्टोअरवाल्याला त्याच महिन्यात कळले असणार.

रस्ता चांगला झाला म्हणजे दोन्हीकडून माणसे येतील-जातील, असे म्हटले जाते. खरेदीच्या बाबतीत तसे घडत नाही. साडी घ्यायला नागपूरकर हिंगणघाटला येत नाही.

शिवाय एक गोष्ट गावातल्या दुकानदाराला फार जाचते. तो स्वतः माल आणतो कुठून? किराणा नागपूरच्या इतवारीतून, कापड गांधीबागेतून, कटलरी आणि खेळणी त्याच भागातल्या गल्ल्यांतून. पूर्वी तो ठोक बाजार गिऱ्हाईकाला माहीत नव्हता. दुकानदार आठवड्यातून एकदा नागपूरला जाई, माल निवडी, ट्रान्सपोर्टवर टाकी, गावात आणून त्यावर भाडे, हमाली आणि आपला नफा चढवी. त्याच्या पायपिटीला किंमत होती. आता गिऱ्हाईकही त्याच गल्लीत उभे असते. ठोकवाल्याने चिल्लर विक्रीही सुरू केलेली असते. "भाऊ, हीच साडी गांधीबागेत दोनशेनं कमी आहे," असे कोणी काउंटरवर म्हटले की गावातल्या दुकानदाराकडे उत्तर नसते, कारण बोलणाऱ्याचे म्हणणे खरे असते.

साबण, पेस्ट, बिस्किटे, चहा यांचे गणित निराळे आहे, कारण त्यांच्यावर किंमत छापलेली असते. छापील किमतीतून लहान दुकानदाराला साधारण आठ ते बारा टक्के सुटतात. सुटे तेल, साखर, डाळ यांवर त्याहून बरेच कमी. आणि या आठ-बारा टक्क्यांतूनच त्याला वीज, नासाडी, उंदीर आणि बुडीत उधारी निभवायची असते. मोठ्या साखळी दुकानाला कंपनी थेट आणि जास्त सवलतीत माल देते. राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये पवईत पहिले डी-मार्ट उघडले, तेव्हापासून त्यांच्या धंद्याची एक खूण राहिली आहे ती म्हणजे पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करणे आणि त्या बदल्यात भाव पाडून घेणे. तालुक्याच्या किराणा दुकानदाराला पैसे लवकर चुकते करणे जमत नाही, कारण त्याचे स्वतःचे पैसे शेतात पेरलेले असतात. हे केवळ दुकानदारांचे गाऱ्हाणे आहे असेही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने मोठ्या कंपन्यांकडे मागणी केली की, ऑनलाइन ठोक विक्रेत्यांना ज्या भावाने माल देता त्याच भावाने आम्हालाही द्या. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा थांबवून पाहिला. मधला माणूसच असा हातघाईवर आला असेल, तर त्याच्या मोटारसायकलवरून येणाऱ्या सेल्समनकडून एक-एक पेटी घेणाऱ्या दुकानाची अवस्था काय असेल, ते समजते.

आता ती वही. वर्धा जिल्ह्यातल्या किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारी लाल कापडी बांधणीची किंवा साधी दोनशेपानी वही असते. एका पानाला एक घर. वर नाव, बहुतेकदा गावासकट आणि बापाच्या नावासकट, कारण एका आडनावाची घरे पुष्कळ. खाली तारीखवार नोंदी: तेल पावशेर, साखर एक किलो, तूर डाळ अर्धा, विडी बंडल, पोरीची वही. जूनमध्ये पेरणी लागली की ही पाने भराभर भरू लागतात. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. घरातला पैसा बियाणे, खत, फवारणी आणि निंदणाच्या मजुरीत गेलेला असतो आणि पोळा-गणपतीचा सण तोंडावर असतो. सोयाबीन निघाले की पहिली वसुली होते, कापूस घरात आला की दुसरी. सोयाबीन पावसात सापडले किंवा कापसाला बोंडअळी लागली, तर ते पान पुढच्या वहीत उतरवून घेतले जाते.

या वहीवर व्याज नसते, निदान उघड नसते. दुकानदार ते भावात थोडे धरतो, म्हणून त्याचा भाव वर दिसतो. शहरातल्या झगमगीत दुकानाच्या भावाशी त्याची तुलना करताना कोणी हे धरत नाही की इथे तेलाबरोबर चार महिन्यांचे कर्जही मिळते, तेही तारण न देता, सातबारा न दाखवता, रात्री नऊ वाजता. २००६ मध्ये केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. त्या काळातल्या कर्जाच्या चर्चेत बँक आली, सावकार आला. किराणा दुकानाची वही फारशी आली नाही. पण त्या वर्षांत कित्येक घरांत चूल पेटली ती या वहीमुळे, हे गावात कोणालाही विचारावे.

आणि पैसा आला की? २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. असे वर्ष उजाडते तेव्हा आधी वही फिटते, मग उरलेल्या रोखीतून टीव्ही, मोटारसायकल, पोरीचे आंदण, सोने यांचा विचार होतो आणि गाडी शहराकडे वळते. वाईट वर्षाचा भार गावातल्या दुकानाने सोसायचा आणि चांगल्या वर्षाचा लाभ नागपूरने घ्यायचा, अशी ही वाटणी आहे. ती कोणी ठरवलेली नाही. म्हणून तिच्याविरुद्ध मोर्चाही काढता येत नाही.

उधारीच्या जोडीला एक गळती पगाराची आहे. तिला या भागात "अपडाऊन" म्हणतात. शिक्षक, बँकेतले लोक, सरकारी कचेऱ्यांतले कर्मचारी, डॉक्टर यांतले पुष्कळ जण नागपूरला राहतात आणि सकाळच्या गाडीने वर्धा, सेलू, हिंगणघाटला येऊन संध्याकाळी परततात. मुलांची शाळा, शिकवणी, घराचा हप्ता ही त्यांची कारणे समजण्यासारखी आहेत. पण तालुक्याच्या गावात महिन्याला नियमित, पाऊस पडो न पडो, येणारा पैसा असतो तो पगाराचाच. तो पगार गावात फक्त चहा, नाश्ता आणि झेरॉक्सपुरता उतरतो. किराणा, कपडे, औषधे, मुलांची सायकल, सगळे नागपूरला. शेतकरी उधारीवर आणि नोकरदार गावाबाहेर, मग रोखीचे गिऱ्हाईक राहते कोण?

त्यात माणसेच वाढत नाहीत. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली. वर्धा जिल्ह्याची वाढली अवघी पाचेक टक्क्यांनी. तरुण पुण्याला जातात, नागपूरला जातात. दुकानदाराचा मुलगाही जातो. पन्नास वर्षांच्या दुकानापुढे उभे राहिलेले सर्वांत मोठे प्रश्नचिन्ह अनेकदा भावाचे किंवा मालाचे नसतेच, "उद्या गादीवर कोण बसणार" हे असते.

कराच्या बाजूनेही लहान दुकानाला एक अडचण आहे, ती थोडक्यात. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. दीड कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्याला एक टक्का कर भरून मोकळे होता येते, कागदपत्रे कमी लागतात. पण मग त्याला कराचे बिल देता येत नाही. ठेकेदार, हॉटेल, कारखाना यांना ते बिल लागते, कारण त्यावर त्यांना कराची वजावट मिळते. ठोक घेणारे हे गिऱ्हाईक त्यामुळे मोठ्या दुकानाकडे सरकते.

गावाचा पैसा गावात कसा राहील, हा प्रश्न ज्या ठिकाणी देशात सर्वांत गंभीरपणे विचारला गेला, ते ठिकाण वर्धाच आहे. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी त्यासाठी आपली बाग दिली. मगनलाल गांधींच्या नावावरून तिला मगनवाडी म्हणू लागले. संघाचे काम जे. सी. कुमारप्पा पाहत. लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेला आणि न्यूयॉर्कमध्ये अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस वर्ध्यात तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाश्या यांचे प्रयोग करत बसला होता. गावात पिकलेले गावातच पक्के व्हावे आणि शक्य तितके गावात वापरले जावे, हा त्यांचा आग्रह होता. १९३८ मध्ये तिथे मगन संग्रहालय उभे राहिले, ते आजही आहे.

कुमारप्पांची दृष्टी घेऊन आजच्या दुकानात शिरले तर एक गोष्ट स्पष्ट होते. "गावातच खरेदी करा" ही हाक सगळ्या मालाला सारखी लागू पडत नाही. शंभर रुपयांचा कंपनीचा साबण गावात घेतला काय आणि नागपुरात घेतला काय, नव्वदेक रुपये दोन्ही वेळा दूर कुठेतरी जातात. फरक पडतो तो दुकानदाराला सुटणाऱ्या दहा रुपयांचा. ते दहा रुपयेही महत्त्वाचे आहेत, कारण त्यांतूनच उधारीची वही चालते. पण गावातल्या शिंप्याकडे शिवलेल्या ब्लाउजची शिलाई, घाणीवर काढलेले जवसाचे तेल, सुताराने केलेला पलंग यांत पैशाचा मोठा भाग गावातच फिरतो. दुकान वाचवायचे असेल तर दुकानात काय विकले जाते, हा प्रश्न दुकान कोणाचे आहे याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

असाच निष्कर्ष फार दूर, अमेरिकेच्या आयोवा राज्यात निघाला. तिथे वॉलमार्टची मोठी दुकाने उघडू लागल्यावर आयोवा स्टेट विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ केनेथ स्टोन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून गावोगावच्या विक्रीचे आकडे तपासले. ज्या गावात मोठे दुकान आले तिथे येणारी माणसे वाढली. त्या गावातली खानावळ, फर्निचरवाला, म्हणजे मोठ्या दुकानात नसलेले विकणारे, यांचा धंदाही वाढला. मार बसला तो तोच माल विकणाऱ्यांना, आणि त्याहून जास्त आसपासच्या लहान गावांना, जिथे मोठे दुकान आलेच नव्हते. त्यांचे गिऱ्हाईक मात्र गेले. स्टोन दुकानदारांना सांगत की मोठे दुकान विकते तोच माल घेऊन त्याच्याशी भिडू नका.

वर्धा जिल्ह्यातल्या ज्यांनी हे केले, किंवा ज्यांच्याकडून आपोआप झाले, त्यांची दुकाने टिकलेली दिसतात. कृषी केंद्र टिकले आहे, कारण तिथे बियाण्याच्या पिशवीबरोबर सल्ला मिळतो आणि हंगामापुरती उधारी मिळते. मोटार रिवाइंडिंगवाला टिकला, कारण विहिरीवरचा पंप जळाला तर ओलित थांबते, नागपूरला जाऊन-येऊन दिवस घालवणे परवडत नाही. सळई, सिमेंट, पाइप विकणारा टिकला, कारण वजनी मालाला भाडे लागते आणि तिथे अंतर अजूनही जुन्यासारखे त्याचे रक्षण करते. सराफांतले पुष्कळ तगले, कारण सोने मोडताना आणि गहाण ठेवताना माणूस ओळखीचे दार शोधतो.

आणि काही ठिकाणी ओढ उलट दिशेनेही चालते. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि १९६९ पासूनचे तिथले वैद्यकीय महाविद्यालय, सावंगी मेघेचे आचार्य विनोबा भावे रुग्णालय, यांच्यासाठी यवतमाळ, चंद्रपूर, अमरावती जिल्ह्यांतून रोज माणसे येतात. रुग्णाबरोबर दोन नातेवाईक असतात, त्यांना मुक्काम, जेवण, औषध, चादर, थर्मास, मोबाइलचे चार्जर लागते. या दोन रुग्णालयांच्या आसपास जी दुकाने उभी राहिली, त्यांना नागपूरची स्पर्धा नाही. वर्ध्याच्या गोरस भंडारातला गाईच्या तुपातला गोरसपाक घ्यायला बाहेरगावची माणसे थांबतात, नागपूरला पाहुण्यांकडे जाताना त्याचा पुडा नेतात. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती हळद तिथली म्हणूनच मागितली जाते. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर चंद्रपूरचा फाटा जिथे फुटतो त्या जामच्या चौकात हॉटेले उभी राहिली, तीही रस्त्याने दिलेले दान म्हणून. शहराकडे नाही असे काही जिथे आहे, तिथे लहान गावाचाही पल्ला वाढतो. पण कापड, भांडी, किराणा विकणाऱ्या शेकडो दुकानदारांना हा मार्ग खुला नाही. प्रत्येकाला गोरसपाक काढता येत नाही, आणि त्यांच्या अडचणीवर अशी दोन-चार उदाहरणे दाखवून समाधान मानणे बरे नव्हे.

त्यांच्यासाठी काही करायचे तर ते बरेचसे दुकानाबाहेरचे आहे. कर्मचारी नेमणुकीच्या गावी राहतील अशी शाळा, दवाखाने आणि पाणी तालुक्याच्या गावात असणे. पीककर्ज पेरणीआधी हातात पडणे, म्हणजे वहीची पाने कमी भरतील. एका बाजारपेठेतल्या दहा-वीस किराणा दुकानदारांनी मिळून माल उचलणे, म्हणजे कंपनी दाराशी येईल; भिशी एकत्र चालवणाऱ्या व्यापाऱ्यांना हे अशक्य नाही. सिंदी रेल्वे इथे जवाहरलाल नेहरू बंदराच्या पुढाकाराने कोरडे बंदर आणि मालवाहतुकीचे केंद्र उभारले जात आहे. तिथल्या गोदामांतून निघणारा माल आधी नागपूरला जाऊन मग वर्धा-हिंगणघाटला परतणार, की थेट येणार, यावर इथल्या दुकानदाराचे भाडे अवलंबून राहील. हा प्रश्न आताच, गोदामे उभी राहतानाच, विचारायला हवा.

ऑनलाइन खरेदीने तर नागपूरलाही बाजूला सारले आहे. आर्वीच्या पिनकोडवर पुणे-मुंबईतलाच माल, त्याच भावात, घरपोच येतो. गावातल्या दुकानदाराला आता साठेक किलोमीटरवरच्या शहराशी झुंजायचे नाही, त्याचा प्रतिस्पर्धी गिऱ्हाईकाच्या हातातल्या मोबाइलमध्ये आहे. तरी चप्पल मापाची निघाली नाही, मिक्सर चालू होईना, की परत करण्याची खटपट करण्यापेक्षा चौकातले दुकान बरे वाटणारे लोक अजून आहेत. त्यांत वयस्क अधिक आहेत, आणि घरात शिकलेले पोर शहरात गेलेले अधिक.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-कळंब रेल्वेमार्गाचे उद्घाटन झाले. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या मार्गाचा तो पहिला मोठा तुकडा, आणि तो देवळीवरून जातो. देवळीच्या दुकानदारासाठी वर्धा म्हणजे वर्ध्याच्या दुकानदारासाठी जसे नागपूर, तसेच. कळंबचे प्रकरण निराळे. ते यवतमाळ जिल्ह्यात, यवतमाळपासून जवळ. वर्धा आणि यवतमाळ लोकसंख्येने जवळपास बरोबरीची शहरे, म्हणून रायलींच्या सूत्राने सीमारेषा दोघांच्या साधारण मध्यावर पडते आणि कळंब यवतमाळच्या वाट्याला जाते. पण सावंगीच्या रुग्णालयात जाणारे कळंबचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक वर्ध्याला उतरणार आहेत. तपासणीचा कागद मिळेपर्यंत त्यांना दोन-तीन तास मोकळे असतात, आणि बजाज चौकातला बाजार रेल्वे स्टेशनापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.